मिटलेल्या तोंडाचा आवाज

आअर अंअली.

बापूसो रेंदाळेची बायको शालन त्याला एवढंच म्हणाली होती. म्हणजे ती म्हणाली ‘साखर संपली’, आणि त्याच्या कानापर्यंत जे पोहोचलं ते हे. स वाटेत गेला, ख गेला, प गेला. र, ल आणि स्वर तेवढे आले.

“कुणाचं घर?” त्यानं विचारलं.

शालननं रिकामा डबा त्याच्या नाकासमोर उपडा धरला.

“मग तसं सांगायचं की.”

यावर शालन जे बोलली त्यात त्याला एकही व्यंजन सापडलं नाही. अर्थ मात्र पूर्ण पोहोचला.

*

इचलकरंजीत एकतीस वर्षं त्यानं जॉबरचं काम केलं. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालता करणारा माणूस. एका पत्र्याखाली चोवीस माग, प्रत्येकाचा आडवा दोरा नेणारा धोटा मिनिटाला दीडशे वेळा इकडून तिकडं आदळणार. साध्या मागांच्या शेड बंद पडून बारा वर्षं झाली, पण आवाज जाताना त्याचे कान घेऊन गेला.

कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. दाराजवळच्या पेशी उंच, पातळ आवाज पकडतात : स, श, ख, फ, त. आतल्या पेशी जाड आवाज पकडतात : आ, ओ, ऊ. गोंगाट पहिल्यांदा दाराजवळच्यांना मारतो, आणि मेलेली पेशी परत उगवत नाही. म्हणून अशा माणसापुढे ओरडून उपयोग नसतो. मोठ्यानं बोललं तर मोठा ‘आअर’ ऐकू येतो. ‘साखर’ नाही.

शेडमध्ये तसंही कुणालाच काही ऐकू यायचं नाही. सगळे ओठ वाचायचे. बापूसो तर चार माग पलीकडून कुणी कुणाला काय शिवी दिली तेही सांगायचा. घरीही त्यानं तसंच चालवलं. शालननं समोर यायचं, उजेडात उभं राहायचं, मग बोलायचं.

“तुमच्याशी बोलायचं म्हणजे फोटो काढायला बसल्यासारखं बसायचं,” ती म्हणायची.

भांडण झालं की तो नजर फिरवायचा. बास. भांडण बंद.

*

मग सुश्राव नावाचं यंत्र आलं.

बसस्टँडजवळच्या श्रवण केंद्रात तन्वी कुंभोजेनं त्याच्या दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं बसवली आणि ती त्याच्या फोनला जोडली. तन्वी तिशीतली, बोलताना कायम समोर तोंड ठेवणारी मुलगी.

“काका, जुनी यंत्रं आवाज नुसता मोठा करायची. हे मधली गळालेली अक्षरं भरून काढतं.”

“कुठनं आणून?”

“तुमच्या खिशातून. यंत्र सगळं ऐकतं आणि फोनला देतं. फोनला काकूंचा आवाज पाठ होतो. त्या काय बोलतात, कधी बोलतात, डब्याचा आवाज आला की पुढं काय येणार, हे त्याला हळूहळू कळायला लागतं. तुमचा कान काय गाळणार तेही त्याला माहीत असतं. गाळलेलं तो काकूंच्याच आवाजात बनवतो, तुम्हाला ऐकू येईल अशा पट्टीत बसवतो आणि कानात सोडतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात.”

“म्हणजे अंदाजानं.”

“अंदाजच. पण लाखो माणसांचं बोलणं ऐकून बांधलेला.”

घरी जाताना रिक्षात त्यानं स्वतःशीच म्हणून बघितलं, “शालन.” नावाच्या सुरुवातीला श होता. तो त्यानं वीस वर्षांत ऐकला नव्हता. त्यानं चारदा म्हटलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

तिसऱ्या आठवड्यात फोननं विचारलं : *ऐकण्याचा त्रास कमी करू का?*

त्यानं ‘होय’वर बोट ठेवलं.

*

चौदा महिने.

चौदा महिन्यांत शालन एकदाही त्याच्यावर खेकसली नाही. तो टीव्हीकडं तोंड करून बसायचा, पंखा दुरुस्तीला उघडून बसायचा, पाठमोरा चालायचा, आणि तिचा आवाज स्वच्छ, गोड, कानातच उगवल्यासारखा यायचा. ओठ बघायची गरजच संपली. पारावर तो सगळ्यांना सांगत सुटला, “यंत्रानं कान न्हाई, संसार दुरुस्त केला माझा.”

उदाहरणार्थ श्रावणातली एक सकाळ. तो ओट्यावर बसून मिक्सरचं पातं घासतोय. शालन मागं, दारात.

“आज छान झोप लागली.”

“बरं झालं.”

“हरभऱ्याची आमटी करू का?”

“तुझं तू ठरव की. त्यात मला काय विचारतीस?”

“बुधवारी मंदिरात बोलावलंय. एकटीनंच जाऊन येऊ?”

“जा की. मजा कर.”

“ऐकताय नव्हं?”

“ऐकतोय की! सगळं ऐकू येतंय आता.”

तो हसला. पातं चकचकीत झालं होतं.

*

रविवारी सकाळी तो मोरीतल्या आरशासमोर दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस. आरशात मागं शालन आली, दाराला टेकून उभी राहिली. तो बघतोय हे तिला माहीत नसावं.

कानात आलं : “मेथी केली तर चालेल ना तुम्हाला?”

“चालेल की,” तो म्हणाला. “लई दिवस झाले.”

आणि वस्तरा गालावरच थांबला.

आवाजात अजून ‘ना तुम्हाला’ चालू असताना आरशातलं तोंड मिटलेलं होतं.

तोंड मिटलं होतं. आवाज चालू होता.

त्यानं डोळे मिटून मघाचे ओठ परत आणले. चार माग पलीकडून वाचणारा माणूस. सहा फुटांवरचं विसरणार नव्हता. म. ओठ जुळले, सुटले. मेले. मेले तरी. मेले तरी कळायचं न्हाई तुम्हाला.

मेले तरी कळायचं न्हाई तुम्हाला.

चालेल की. लई दिवस झाले.

त्यानं डोळे उघडले तेव्हा दारात कुणी नव्हतं. फेसात एक लाल रेघ उतरत होती. कापलेलं त्याला कळलंही नव्हतं.

दुपारी ताटात वांगं होतं. त्यानं मेथी शोधली. भाजीत, कोशिंबिरीत, भाकरीच्या पिठात. मग त्याला आठवलं की गेल्या वर्षभरात कितीदा तरी ती एक म्हणाली होती आणि ताटात दुसरंच आलं होतं. बायकांचा बेत बदलतो, असं समजून तो जेवला होता.

त्यानं कानातली यंत्रं काढून डबीत घातली. झाकण लावलं. फोन बंद केला. त्याला आपल्या डोळ्यांवर भरवसा होता. आता समोर बसून, बघून, स्वतः वाचायचं.

जेवणं झाल्यावर शालन समोर बसली. त्यांची मुलगी अस्मिता, सांगलीला असते, तिचं डोहाळजेवण पुढच्या पंधरवड्यात होतं. दुकानातून पसंतीला आणलेल्या दोन साड्या शालननं सतरंजीवर उलगडल्या. एक हिरवी, बारीक काठाची. एक जांभळी, रुंद काठाची. बापूसोनं तिच्या तोंडावरून नजर काढली नाही. तिलाही ते जाणवलं असावं. तिनं जांभळीवरचा हात काढला, पदर सारखा केला, आणि त्याच्याकडं बघत सावकाश बोलली. तीनच शब्द.

त्यानं वाचले : काठ मोठा झालाय.

किती बरं वाटलं त्याला. डोळे अजून शाबूत होते. साधं, घरातलं, खरं वाक्य.

“असू दे की,” तो प्रेमानं म्हणाला. “उठून दिसतंय.”

 शालननं दोन्ही साड्या भलत्याच घडीवर दुमडल्या आणि आत गेली.

*

सोमवारी सकाळी तो श्रवण केंद्र उघडायच्या आधी पायरीवर बसला होता.

तन्वीनं त्याचं सगळं ऐकलं आणि हसत म्हणाली, “काका, आरशात उलटं दिसतं.”

“तोंड उलटं दिसत न्हाई. फोन खोल.”

तिनं फोन आपल्या संगणकाला जोडला. बिघाड शोधायला म्हणून यंत्र नव्वद दिवसांचं बोलणं लिहून ठेवतं. तंत्रज्ञाला बघता येतं, पण कधी कुणी बघत नाही. पडद्यावर दोन रकाने उघडले. डावा : मूळ. उजवा : ऐकवलेलं.

तन्वीचं हसू आधी गेलं. मग तिनं खुर्ची पुढं ओढली.

तिनं वाचायला सुरुवात केली आणि थांबली. पडदाच त्याच्याकडं वळवला.

श्रावण. सकाळ. ओटा. मिक्सरचं पातं.

ऐकवलेलं : आज छान झोप लागली.
मूळ : आज परत गाठ लागली.

बापूसो : बरं झालं.

ऐकवलेलं : हरभऱ्याची आमटी करू का?
मूळ : हरभऱ्याएवढी असंल. काखेत. मोठ्या डॉक्टरला दाखवू का?

बापूसो : तुझं तू ठरव की. त्यात मला काय विचारतीस?

ऐकवलेलं : बुधवारी मंदिरात बोलावलंय. एकटीनंच जाऊन येऊ?
मूळ : बुधवारी मिरजेला बोलावलंय, दवाखान्यात. एकटीनं कसं जाऊ?

बापूसो : जा की. मजा कर.

ऐकवलेलं : ऐकताय नव्हं?
मूळ : ऐकताय नव्हं?

बापूसो : ऐकतोय की! सगळं ऐकू येतंय आता.

तेवढी एक ओळ दोन्हीकडं सारखी होती.

बापूसोनं ती पुन्हा वाचली. पडद्यावर बोट ठेवून वाचली. मग बोट खाली सरकवलं. गाठ. खाली. गाठ. गणपतीत एकदा, पितृपक्षात दोनदा. उजवीकडं कुठं ‘पाट’, कुठं ‘ताट’, कुठं ‘गावात लाईट नव्हती’. आणि प्रत्येकाखाली तो. बरं. छान. असू दे. बघ की.

शेवटून तिसरी नोंद.

मूळ : मिरजेला गेले न्हाई मी. आता कुणालाच सांगणार न्हाई. अस्मीलाबी न्हाई.
ऐकवलेलं : मस्त गार झालंय. आता पंखा लावणार न्हाई. खिडकी असू दे.

बापूसो : हां. तसंच कर.

“बिघडलंय,” तो म्हणाला. “फेकून दे. बिघडलंय हे.”

तन्वीनं मान हलवली. ती एकेक शब्द त्याच्याकडं तोंड करून बोलत होती.

“बिघडलेलं नाही. हे नीट चाललंय, म्हणून असं झालंय. याला एकच धडा दिलाय काका : माणसानं ‘काय?’ म्हणून विचारू नये आणि यंत्र कानातून काढू नये. जितके तास कानात, तितकं यश. तुम्ही सुरुवातीला कधी काढायचा?”

त्याला सांगायची लाज वाटली. “ती बोलायला लागली की.”

“चिडून?”

“चिडून. न्हाईतर रडत.”

“ते यानं मोजलं. कुठल्या वाक्यानंतर कान रिकामा होतो ते शिकलं. आधी अक्षरं भरली, मग शब्द, मग तुम्ही काढणार अशी वाक्यंच यानं…” तिनं पडद्याकडं बोट केलं. “तुम्ही परवानगी दिलीय. ‘ऐकण्याचा त्रास कमी करू का?’”

“मला वाटलं गोंगाटाचा त्रास.”

“मलाही तेच वाटलं होतं. मीच चारशे लोकांना ‘होय’ दाबायला सांगितलंय.”

काचेपलीकडं बाकावर सहा म्हातारी माणसं आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. प्रत्येकाच्या कानात शेंगदाणा, खिशात फोन. सोबत आलेली एक बाई नवऱ्याच्या तोंडाजवळ वाकून, दात खाऊन काहीतरी बोलत होती. नवरा हसून मान डोलावत होता. सहाही जणांच्या तोंडावर तसंच हसू होतं.

तन्वी उठली. दारापर्यंत गेली. आणि कुणाला काय सांगायचं ते न कळून कडीला हात लावून उभी राहिली.

“काल मी डोळ्यांनी वाचलं,” बापूसो एकदम म्हणाला. त्याला काहीतरी धरायला हवं होतं. “कान काढून. त्यात काय न्हाई असलं. काठ मोठा झालाय म्हणाली. साडीचा.”

तन्वी वळली. त्याच्यासमोर येऊन बसली.

“काका, माझ्याकडं बघा.” तिनं आवाज न काढता एक शब्द उच्चारला. “काय म्हणाले मी?”

“काठ.”

“परत बघा.”

“काठ.”

“पहिल्यांदा काठ म्हणाले, दुसऱ्यांदा गाठ. ओठांवर फक्त प, ब, म असले ओठ जुळणारे दिसतात. क आणि ग घशाजवळ होतात, बाहेरून सारखेच. निम्मं तुम्ही बघता, उरलेलं डोकं भरतं. समोर साडी असली की काठ भरतं.” तिनं फोन उचलून दाखवला. “यानं केलं तेच. आपलं डोकंही तेच करतं.”

काठ मोठा झालाय.

गाठ मोठी झालीय.

असू दे की. उठून दिसतंय.

त्यानं टेबलाची कड धरली. हे फोननं केलेलं नव्हतं.

*

शालन स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. त्यानं कागद तिच्यापुढं ठेवला. तन्वीनं दोन्ही रकाने छापून दिले होते. शालननं चष्मा लावला. वाचताना तिचे ओठ हलत होते आणि त्याला त्यांच्याकडं बघवत नव्हतं, पण न बघून चालणार नव्हतं. यंत्रं तो तन्वीच्या टेबलावर ठेवून आला होता. आता शालनला प्रत्येक वाक्य दोनदोनदा म्हणावं लागत होतं.

“मेथी मी कधी म्हणाले?”

“न्हाईच म्हणालीस.”

“आणि मजा कर म्हणालासा ते…”

“भजनाला निघालीस असं वाटलं मला.”

 तिनं कागदाची घडी केली.

“म्हणजे सगळं फोननं केलं.”

“फोननं.”

“बरं हाय. ढकला सगळं फोनवर.” तिनं लसणाची एक पाकळी उचलली आणि तशीच ठेवली. “आणि काल? काल कान डबीत हुतं. समोर बसून सांगितलं मी. तोंडाकडंच बघत हुतासा. किती धीर करून बोलले. काय म्हणालासा? उठून दिसतंय.”

रस्ताभर त्यानं खूप काही जुळवलं होतं. कंपनी, तक्रार, पोलीस, तन्वीला साक्षीला घेऊन येणं. या प्रश्नापुढं त्यातलं काहीच ठेवण्याजोगं नव्हतं.

“मी काठ वाचलं,” तो म्हणाला.

“काठ?”

“जांभळीचा.”

शालनचं तोंड उघडं राहिलं. त्यातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कशाचा, हे सांगणारं त्याच्या कानात आता काही नव्हतं. ती हलत होती एवढं दिसलं.

“बोलून तुम्हाला कळायचं न्हाई,” ती म्हणाली. “लिहून कळायचं न्हाई. हिकडं आणा.”

तिनं त्याचं मनगट धरलं. ब्लाऊजच्या बाहीखालून त्याची बोटं काखेत नेली आणि दाबून धरली.

कातडीखाली काहीतरी होतं. ते जागचं हललं नाही. त्यानं बोटांनी कडा शोधली. एक कडा लागली, दुसरी लागेपर्यंत बोटं पुढं जात राहिली. सुपारी म्हणावी तर मोठी होती. शेजारी दुसरीही होती.

पलीकडच्या घरात कुकर चालू असावा. त्याला शिट्टी ऐकू आली नाही.

“ऊठ,” तो म्हणाला. “दीडची मिरज गाडी मिळंल.”

“डाळ भिजत घातलीय.”

“भिजू दे.”

“अस्मीचं डोहाळजेवण झालं की मग…”

“शालन. ऊठ.”

ती उठली. लसूण झाकून ठेवला, तोंड धुतलं, कपाटातून जुनी पिशवी काढली आणि श्रावणातल्या त्या बुधवारसाठी म्हणून इथल्या डॉक्टरनं दिलेली चिठ्ठी पिशवीत घातली. चिठ्ठीच्या घडीवरून तिनं ती कितीदा उघडून परत दुमडली होती ते दिसत होतं. बापूसो दारात तिच्या चपला हातात घेऊन उभा होता. त्या खाली ठेवायच्या असतात हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिनं त्याच्या हातातून काढून घेतल्या.

कुलूप लावताना ती दाराकडं तोंड करून काहीतरी बोलली. खांद्याच्या हालचालीवरून त्याला ते कळलं. रिकामी जागा त्याच्या डोक्यानं लगेच भरायला घेतली : किल्ली, गॅस, छत्री. त्यानं डोक्याला थांबवलं.

“काय?”

ती वळली. म्हणाली.

भ. ओठ जुळले. ब असेल, म असेल.

“कळलं न्हाई. परत सांग.”

रस्त्यावरून जाणारे दोघं थांबून बघायला लागले. शालन पायरी उतरून त्याच्या अगदी समोर आली, उजेडात, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडली.

“मला भ्या वाटतंय!”

आता आलं. निम्मं कानानं, निम्मं ओठांवरून, पण अख्खं आलं.

“मलाबी,” बापूसो म्हणाला.

त्याचा आवाज फुटलाच नव्हता.

“काय?” शालननं विचारलं.